एक बाजार जाऊ द्यायचा

फवारलेल्या वावरात जनावर कधी सोडायचं, याचा आमच्या गावात एक नियम होता. एक बाजार जाऊ द्यायचा. औषध मारल्यावर मधे आठवडेबाजाराचा एक दिवस येऊन गेला, की पानावरचं विष उतरलं असं धरायचं. हा नियम कुणी घालून दिला ते कुणालाच सांगता यायचं नाही. मी लहान होते तेव्हापासून तो होता, आणि त्याने कुणाचं जनावर दगावल्याचं ऐकिवात नव्हतं. शेळ्यावाल्या बायका बांधावरून ओरडून विचारायच्या, "बाजार गया का?" वावरातून उत्तर यायचं, "गया." तेवढ्यावर शेळ्या आत जायच्या.

आमचं गाव धुळ्याहून चाळीसगावकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत. वडिलांना मी आणि सगळं गाव आबा म्हणायचं, आईला मी माय म्हणायचे. वावर लहान, एका घराच्या पोटापुरतं. अर्ध्यात कपाशी, अर्ध्यात बाजरी आणि मूग. विहिरीचं पाणी थंडी सरेपर्यंत टिकलं तर टिकलं. आमच्या भाऊबंदांत दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि तीही मुलगी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्याला कॉलेजात जायचे, सकाळच्या पॅसेंजरने जाऊन संध्याकाळच्या पॅसेंजरने परत. पुढे शिक्षिका झाले. आज मी जी काही आहे ती त्या वावरामुळे आणि ते कसणाऱ्या दोघांमुळे. म्हणून त्या वावराचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं असं वाटतं.

दरवर्षी कपाशीची शेवटची वेचणी उरकली की साक्रीच्या अंगाने ठेलारी मेंढपाळ यायचे. पुढे मेंढ्या, मागे घोडे. घोड्यावर सगळा संसार, वर उलटी बांधलेली खाट, आणि त्या खाटेत कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी एखादं तान्हं मूल. यांतला एक कळप आमचा ठरलेला होता. त्याच्या मालकाला आबा नाना म्हणायचे, म्हणून आम्हीही नाना. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. नानांचे वडील माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्या वावरात मेंढ्या बसवायचे.

मेंढ्या बसवणं म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना आता समजावून सांगावं लागतं. दिवसा कळप उभ्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडांचा पाला आणि राहिलेली कच्ची बोंडं खायचा. रात्री सुताच्या जाळीचं कुंपण घालून त्याला वावरातच बसवायचं. दुसऱ्या रात्री कुंपण पुढे सरकवायचं. असं करत करत सगळ्या वावराला लेंडीखत आणि मूत मिळायचं. बैलगाडीने शेणखत टाकायचं तर तेवढी जनावरं आमच्याकडे नव्हती. दोन बैल, एक गाय. आबा म्हणायचे, मेंढरू स्वतःच्या पायाने खत घेऊन येतं आणि खुराने ते मातीत दाबूनही जातं. मेंढ्या बसलेल्या वावरात पहिला नांगर घातला की माती भाकरीच्या पिठासारखी मोकळी व्हायची.

कळप निघायच्या दिवशी माय सूप भरून ज्वारी आणायची. पुढच्या मेंढीला हळद-कुंकू लावायची आणि ज्वारी अक्काच्या पदरात ओतायची. अक्का पदर असा रुंद पसरायची की एक दाणा खाली पडायचा नाही. मग म्हणायची, "वहिनी, पुढला वरीसले अजून मोठं सूप आन बरं." माय म्हणायची, "तू बी अजून मोठा पदर आन." दरवर्षी हेच बोलणं, आणि दरवर्षी दोघी हसायच्या.

त्या काळात बोंडअळी माजत चालली होती. आधी जे औषध दोनदा मारून भागायचं, ते पाच-सहा वेळा मारूनही अळी बोंडात जिवंत सापडायची. मग कुणीतरी दोन औषधं एका पंपात मिसळून मारली, त्याची अळी मेली, आणि सगळं गाव तसं करू लागलं. आबांनीही केलं. फवारून आले की ते अंगणात गार पाण्याने अंघोळ करायचे, तरी कपड्यांचा उग्र वास घरात राहायचा. माय त्यांचे कपडे वेगळे धुवायची. फवारणीच्या दिवशी आबांना भाकरी कडू लागायची आणि ते मायला म्हणायचे, बाजरी जुनी झाली वाटतं.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा पऱ्हाटीवर शेवटी शेवटी पुष्कळ बोंडं राहिली होती. एखादी वेचणी आणखी होईल म्हणून आबांनी उशिरा एक फवारणी केली, तीच मिसळलेल्या औषधांची. पण विहीर आटली आणि बोंडं पिकायच्या आधीच सुकायला लागली. आबांनी आशा सोडली. मधे आठवडेबाजार येऊन गेला होता. मी स्वतः त्या दिवशी मायबरोबर बाजारातून सांडगी मिरची आणली होती, म्हणून मला पक्कं आठवतं.

नंतर नाना आले. बांधावर काठी टेकवून उभे राहिले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आबा, बाजार गया का?"

"गया नाना. बठ्ठा वावर मोकया शे."

त्या साली नानांना वाटेत चारा मिळाला नव्हता. मेंढ्या उपाशी होत्या. त्या पऱ्हाटीत अशा घुसल्या की नुसती पाठीची लोकर हलताना दिसत होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी घरीच होते. दुपारी अक्काची हाक ऐकू आली. आम्ही धावत गेलो तेव्हा मेंढ्या सऱ्यांमध्ये पडल्या होत्या. तोंडाला फेस, पाय एकसारखे ताठ होत होते. काही उभ्या होत्या त्या मान एका बाजूला टाकून गोल फिरत होत्या. माय घरात होतं नव्हतं ते ताक घेऊन आली. शेजारच्या घरांतून ताक आणलं, चिंचेचं पाणी केलं. अक्का मेंढीचं तोंड मांडीत धरायची, मी बांबूच्या नळ्याने ताक ओतायचे. ते घशातून उतरायचं नाही, तसंच बाहेर यायचं. सूर्य कलला तेव्हा निम्म्याहून जास्त कळप गेला होता. कोकरं राहिली, कारण ती अजून पाला खात नव्हती. ती मेलेल्या आयांना ढुसण्या देत होती.

नाना एका दगडावर बसले होते. आबा त्यांच्यासमोर उभे होते. मला वाटलं, आता नाना बोलतील, शिव्या देतील. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "आबा, तू खोटा नही. बाजार गया व्हता. मले माहीत शे."

आबा म्हणाले, "गाय ली जा नाना. बैल ली जा."

"गाय लिसन मी काय करू? मन्हा मांगे गाय चालस का?"

मेलेल्या मेंढ्या कुत्र्यांनी किंवा माणसांनी खाऊ नयेत म्हणून आमच्याच वावरात खड्डा करून पुरल्या. दुसऱ्या दिवशी उरलेला कळप निघाला. मायने सवयीने ज्वारीचं सूप आणलं. अक्काने सुपाकडे पाहिलं, मायच्या हाताला हात लावला आणि घोड्याचा दोर धरून चालायला लागली. तिने पदर पसरला नाही. माय रस्त्यावर तशीच सूप घेऊन उभी राहिली, आणि घरी आल्यावर ती ज्वारी पुन्हा कणगीत ओतायला तिचा हात धजेना. बरेच दिवस ते सूप तसंच भरलेलं कोनाड्याखाली पडून होतं.

त्या पावसाळ्यात आबांनी पंप माळ्यावर टाकला. मायला वाटलं, दुःख ताजं आहे, अळी दिसली की पंप खाली येईल. अळी आली, पंप आला नाही.

"मेंढरं त्यासनी मरनात, उपास आपले काबर?" माय म्हणाली.

"नाना पुन्हा मेंढरं बसाडी," आबा म्हणाले, "तवय मी मानसू वावर नीट व्हयनं."

त्यांचं म्हणणं एवढंच होतं. त्यात पुढचं-मागचं काही नव्हतं. पण एक गोष्ट सोडली की तिच्या मागून दुसरी आपोआप सुटते. फवारणी नाही, तर युरिया टाकता येईना, कारण युरियाने पीक हिरवंगार लुसलुशीत होतं आणि किडीला तेच हवं असतं. युरिया नाही, तर मग शेणखत नाहीतर लेंडीखत हवं. लेंडीखत देणाऱ्या मेंढ्यांचं तर येणंच बंद झालं होतं. रासायनिक खत सोडणाऱ्या माणसाला लेंडीखताची सगळ्यांत जास्त गरज, आणि नेमकं तेच आमच्याकडे नव्हतं. दोन बैल आणि एका गाईचं शेण वावराच्या एका कोपऱ्यालाही पुरायचं नाही. आबा दुसऱ्यांच्या उकिरड्यावरचा काडीकचरा मागून आणायचे. आम्ही तिघं निंबोळ्या गोळा करायचो, कुटायचो, रात्रभर भिजवून गाळायचो. सुट्टीत मी आणि माय डबे घेऊन सरी-सरीने अळ्या वेचायचो. डब्यात थोडं रॉकेल घातलेलं पाणी असायचं. बोटांना निंबोळीचा वास इतका मुरायचा की पॅसेंजरमध्ये शेजारी बसलेल्या मुली विचारायच्या, तुझ्या घरी कुणाला कांजिण्या झाल्यात का?

बांधाला लागून ज्याचं वावर होतं तो आबांहून वयाने लहान. सगळे त्याला भाऊ म्हणत. मनाने वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. आम्ही अळ्या वेचत असलो की तो पंप पाठीवर घेऊन बांधावर थांबायचा.

"आबा, तुमना वावरमा अळ्यासनी शाळा भरनी शे! मन्हा वावरमाईन बठ्ठ्या तठे शिकाले येतस."

आबा म्हणायचे, "येऊ दे. फी घेत नही मी."

"तं मंग पोरले कॉलेजमा काबर धाडतस? आठेच मास्तरीन करा ना तिले!"

आबा हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण त्याचं खरंच होतं. त्याच्याकडून हाकललेली कीड आमच्याकडे यायची. त्याच्या कपाशीला दोन बोंडं येत तिथे आमच्या कपाशीला अर्धं. मायने गाईचं दूध घरात ठेवणं बंद केलं, सगळं डेअरीत जाऊ लागलं. माझं कॉलेज मात्र एक दिवसही थांबलं नाही. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आबांनी गावात पेढे वाटले, आणि भाऊला दोन जास्त दिले, "अळ्यासना मास्तरले" म्हणून.

मी चाळीसगावला शाळेत लागल्यावर एकदा शहरातून काही माणसं गावात आली होती. लहान शेतकरी रासायनिक शेती का सोडतात, याची ती माहिती गोळा करत होती. कुणीतरी त्यांना आबांचं नाव सांगितलं. शनिवार होता, मी घरी आले होते. माणसं सभ्य होती, चपला बाहेर काढून बसली. त्यांनी आबांना विचारलं, तुम्ही हा निर्णय कशामुळे घेतला? आरोग्यासाठी? जमिनीच्या काळजीने? खर्च परवडत नव्हता म्हणून? चांगला भाव मिळतो म्हणून?

आबा म्हणाले, "नानानी मेंढरं यावाले पायजेत म्हनीसन."

ती माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली, वाईट वाटल्याचंही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांतल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "पण मुख्य कारण काय धरायचं?" मी आबांकडे पाहिलं. ते अंगणात गेले होते, पाहुण्यांसाठी शेंगा काढायला. मी म्हटलं, खर्च. ते अगदीच खोटं नव्हतं, औषधाचा खर्च वाचतच होता. आबांना विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा मेंढ्याच सांगितल्या असत्या.

पुढे मी आमच्या भागातल्या अशा आणखी दोघातिघांना ओळखू लागले. एकाला फवारताना चक्कर येऊन विहिरीच्या कडेला पडल्यापासून पंपाची धास्ती बसली होती. चोपड्याकडच्या एका केळीवाल्याच्या मातीत गांडूळ दिसेनासं झालं, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईने वावरात पाय टाकायचं सोडलं. भाषण ऐकून कुणी बदललं असं मला दिसलं नाही. प्रत्येकाचं काहीतरी मोडलं होतं आणि प्रत्येकजण तेवढंच दुरुस्त करायला बघत होता.

मधल्या वर्षांत नानांचा कळप कधी पलीकडच्या रस्त्याने गेल्याचं कानावर यायचं. आबा शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटी उपटायचे नाहीत. गावात सगळ्यांची वावरं मोकळी व्हायची, आमची पऱ्हाटी उभीच. मायने एकदा चुलीला काड्या हव्यात म्हणून चार झाडं उपटली तर आबा दोन दिवस बोलले नाहीत.

आणि मग एका वर्षी, पौषात, मी घरी असताना, कळप आमच्याच रस्त्याला लागला. आबांना आधी घोड्याच्या गळ्यातल्या घंटेवरून कळलं. ते वावराच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. नाना म्हातारे झाले होते. कळप पुन्हा वाढला होता, त्यांची मुलं तो हाकत होती. मेंढ्यांनी आमची पऱ्हाटी पाहिली आणि त्या थांबल्या. मुलांनी काठ्या आडव्या धरल्या.

"नाना, हाऊ वावरमा औषध नही," आबा म्हणाले. "तवयपासून नही. एक बाजार नही, कितला बाजार गयात!"

आबांनी हात पुढे करून कपाशीचं एक पान तोडलं आणि तोंडात घातलं. चावलं. आणखी एक तोडून घातलं.

"अरे थुक ते!" नाना ओरडले. "तू काय मेंढरू शेस का?"

आबांनी गिळलं. अक्का घोड्यापाशी उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, कळलं नाही.

नाना आत आले. सरीत उकिडवे बसले, माती हातात घेतली, पान उलटून पाहिलं, वास घेतला. त्यांचा चेहरा सैल झाल्यासारखा वाटला. मग ते उठले आणि बांधाकडे गेले. पलीकडे भाऊची कपाशी अजून हिरवी होती. त्याच्या नव्या बोअरला पाणी होतं, म्हणून त्याने शेवटच्या वेचणीनंतरही पीक राखलं होतं. आम्ही त्याला फरदड म्हणतो. फरदडीला औषध लागतंच. आदल्या दिवशी त्याने मारलं होतं. आम्हाला त्या वासाची इतकी सवय झाली होती की तो जाणवलाच नव्हता. नानांना बांधावर उभं राहिल्याबरोबर आला. वारा तिकडून आमच्या वावरावर येत होता.

भाऊ धावत आला. "आबा, तुमी सांगता तं मी दोन दिन थांबी जातू ना!"

तो थांबला असता तरी भागलं नसतं. त्याच्या पलीकडे आणखी एक फरदड होती, आणि तिच्या पलीकडे आणखी एक.

नाना परत आले. आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आबा, तुनावर भरोसा शे. तुना वावरवर बी शे. पन हाऊ वारा काय तुना घरना शे का?"

आबांनी मान हलवली. मुलांनी काठ्या उचलल्या.

माय घरी पळाली आणि सूप घेऊन आली. धापा टाकत होती. या वेळी अक्का घोड्याचा दोर मुलाच्या हातात देऊन मागे वळली आणि तिने पदर पसरला. मायने ज्वारी ओतली. कळप पुढे निघाला होता, त्या घाईत दाणे खाली सांडले. मोठ्या सुपाचं कुणी बोललं नाही. अक्काने सांडलेले दाणे वेचले, ते चिमटीने पदरात टाकले आणि कळपामागे निघून गेली. राग कधीच गेला होता. तो गेल्याने काही बदललं नाही.

कळप आमच्या वावराच्या कडेने रस्त्यारस्त्याने पुढे गेला. तो पुन्हा आमच्या गावाला आला नाही. नानांच्या मुलांनी नंतर डोंगराच्या कडेची वाट धरली, जिकडे कपाशी होत नाही. पण ते पुढचं. त्या दिवशी धूळ खाली बसली तेव्हा रस्त्याभर लेंड्या पडलेल्या होत्या. आबांनी घरून पाटी आणि खराटा मागवला. माय झाडत होती, मी भरत होते. एस.टी. यायच्या आत उरकायला हवं, नाहीतर चाकांखाली सगळं जाईल, म्हणून आबा घाई करत होते. दोन पाट्या भरल्या. त्या कुठे टाकायच्या, याचा आबांनी वावरात फिरून बराच वेळ विचार केला. मग बांधापासून सगळ्यांत दूरची एक सरी धरली आणि बी पेरावं तसं मुठीमुठीने टाकत गेले. त्या सरीच्या अर्ध्यावरच लेंड्या संपल्या.